दुकानाला एक पायरी आहे

परळला, हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान:
कुबड्या, कमरेचे पट्टे, वॉकर, भाड्याने व्हीलचेअर.
इथं हौसेनं कुणी येत नाही.
येतो तो एका हातात चिठ्ठी घेऊन,
दुसऱ्या हातात बहुतेक कुणाचा तरी हात.

वेबसाइट करायची, हे पुतण्याने ठरवलं.
पहिला डिझायनर आला, निमिष गोरडिया,
मांडीवर लॅपटॉप, तोंडात 'प्रीमियम लुक'.
दुकानाकडे त्याने पाहिलं नाही,
माझ्याकडेही फारसं नाही.
महिन्याने जे दाखवलं, त्यात
समुद्राकाठी एक गोरी आजी
व्हीलचेअरमध्ये बसून हसत होती.
चित्रं आपोआप सरकायची, मागे बासरी.
फोन नंबर सगळ्यात खाली, राखाडीवर राखाडी,
मुंगीच्या पायाएवढा.
मी चष्मा पुसला.
चष्मा स्वच्छच होता.

पैसे आधीच पूर्ण मोजले होते, ही माझी अक्कल.
आणि दुकानाचं नाव, म्हणजे आमच्या आजोबांचं,
त्याने इंटरनेटवर स्वतःच्या नावे नोंदवलेलं.
आजोबांना सोडवून आणायला
अकरा महिने लागले आणि एक वकील.

मग अल्विना डाबरे. वसईची.
तिने लॅपटॉप उघडलाच नाही.
स्टूल मागितलं, गल्ल्याशेजारी बसली,
दोन दिवस वहीत रेघा मारत राहिली.
मनात म्हटलं, हिला पैसे कशाचे द्यायचे?
तिसऱ्या दिवशी वही पुढे सरकवली:
"एकशे बारा माणसं.
एक्केचाळीस जणांनी विचारलं, खुर्ची भाड्याने मिळेल का, डिपॉझिट किती.
सव्वीस जणांनी, बंद किती वाजता करता.
स्थापना कधीची, हे कुणीच विचारलं नाही, काका."

लागलं मला ते.
१९५८ मोठ्या अक्षरांत घाल, असं मीच सांगितलं होतं.

मोकळ्या जागेवरून भांडलो.
"अगं, मुंबईत फुटावर भाडं भरतो आम्ही,
आणि तू अर्धं पान रिकामं सोडतेस?"
ती हसली, आणि मला आठवले दाजी पेंटर,
वडिलांची पाटी रंगवायला आलेले.
ब्रशला हात लावण्याआधी अर्धा तास
समोरच्या फुटपाथवर नुसते उभे.
पाटी जवळून रंगवायची असते, म्हणाले,
पण वाचायची लांबून.
अक्षरामागे बारा आणे घेत.
दोन अक्षरांमधल्या जागेचे
काही नाही.

या वेळी कागद केला.
तीन हप्ते. नाव माझ्या नावावर, चाव्या माझ्याकडे.
किरकोळ दुरुस्ती वर्षभर फुकट.
तिने पान तपासलं ते सगळ्यात स्वस्त फोनवर,
हॉस्पिटलच्या तळघरात, एक्स-रेच्या रांगेत,
जिथं सिग्नलची एकच काडी असते.
"इथं उघडलं तर कुठंही उघडेल."
उघडलं. वर नंबर, अंगठ्याला सापडेल एवढा.
खाली भाडं, वेळ. बासरी नाही.

शेवटी सहज विचारावं तसं म्हणाली,
"आणि पायरीचं काय लिहू?"
"कसली पायरी?"
तिने दाराकडे बोट केलं.

साठ-बासष्ट वर्षं आम्ही चाकं विकतोय,
आणि दारात नऊ इंच उंच
काळ्या दगडाची पायरी. धाकट्या आत्याचा दात पडला होता तिच्यावर.
आजोबा रोज तिला हात लावून आत येत,
वडील येत,
मी अजून येतो.

तिने लिहिलं:
दुकानाला एक पायरी आहे.
बाहेरूनच हाक मारा, आम्ही येतो.

परवा दुपारी हाक आली.
फोन नाही, खरीच हाक, रस्त्यावरून.
जेवणाचा हात तसाच घेऊन बाहेर गेलो.

उतार बांधायला गवंडी मोजमाप घेऊन गेलाय,
अर्ज वॉर्ड ऑफिसात पडून आहे.
मंजूर झाला की ते वाक्य काढावं लागेल.
अल्विना म्हणते, किरकोळ दुरुस्तीत बसतं ते.
मी म्हटलं, पहिली ओळ काढ.
दुसरी राहू दे.